एक मामा तलाव, एक प्रबंध आणि दहाची एसटी

प्रबंधाचा विषय घेऊन माझी एक विद्यार्थिनी टेबलापाशी उभी राहिली, तेव्हा शीर्षक टाइप करूनच आणलेलं होतं: अमुक तलावाच्या पाण्याच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास. तलावाचं नाव बदललं की हेच शीर्षक आमच्या विभागाच्या कपाटात हव्या तितक्या वेळा सापडेल. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला शेवटच्या सत्रात प्रबंध करावा लागतो आणि भंडारा-गोंदियाकडच्या पोरांना तलावांचा तोटा नाही. सामू, गढूळपणा, क्षार, कठीणपणा, विरघळलेला प्राणवायू मोजायचा, तक्ते लावायचे, आणि शेवटच्या पानावर 'शिफारसी' या मथळ्याखाली 'गावकऱ्यांमध्ये जनजागृती करावी' असं लिहून बाइंडिंगवाल्याकडे जायचं. तिच्या आराखड्यात हे वाक्य पाण्याची पहिली बाटली भरण्याआधीच तयार होतं.

"जनजागृती कोणाची करायची?" मी विचारलं.

"गावकऱ्यांची, सर."

"गाव कोणतं?"

"माझंच आहे ना, सर."

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे येतं त्यात तिचे वडील आहेत, शेजारीण आहे आणि रोज एकमेकांचं तोंड पाहायचं आहे असे बरेच लोक आहेत.

तलाव माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन मिळेल, असा चांद्याच्या राजाचा हुकूम होता असं सांगतात. पुढे इंग्रजांनी मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार, कायम केले, तलाव त्यांच्या ताब्यात आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. आज शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. हाही त्यातलाच.

पाळीला इथे पार म्हणतात. पारेवर मोहाची दोन जुनी झाडं, पोटात शेताला पाणी सोडायचं पायऱ्यापायऱ्यांचं तुडूम, एका टोकाला जास्तीचं पाणी सोडणारी सलंग आणि खाली नहराच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या. त्यातल्या साडेतीन एकर बांध्या तिच्या वडिलांच्या. पारेच्या दुसऱ्या टोकाला ढिवर मोहल्ला, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. तिथली एक बाई तिची मावशी, रक्ताची नव्हे, पण लहानपणी हिला अंगाखांद्यावर खेळवलेली.

तिच्या प्रबंधाच्या दोन उन्हाळे आधी या तलावातला गाळ काढला होता. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ला आली. ढोबळमानाने तिची सुरुवातीची रचना अशी होती की खोदणाऱ्या मशीनचा खर्च योजनेतून आणि गाळ वाहून न्यायचा शेतकऱ्याने. तिच्या वडिलांनी ट्रॅक्टर भाड्याने लावून बऱ्याच ट्रॉल्या नेल्या. तलावाचा गाळ म्हणजे काळी चिकण, पानकुजीची माती. हलक्या बांधीत पडली की पाणी धरून ठेवते. त्या वर्षी त्यांच्या धानाला लोंबीवर येताना ताण पडला नाही, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर समाधान होतं. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. मासळीत मरळ दिसत नाही, बोटरी नाही, काठाचं देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानधान, गेलं, आणि जिथे तिथे बेशरमीची झुडपं माजली.

म्हणजे एकाच खोदकामाने एका घरी धान पिकलं आणि दुसऱ्या घरची हंडी रिकामी झाली. प्रबंध लिहिणारी मुलगी पहिल्या घरातली. ज्यांची मुलाखत घ्यायची ते दुसऱ्या घरातले. मी तिला सांगितलं, हे पहिल्या प्रकरणातच लिहून टाक: माझ्या बापाने गाळ नेला आहे. तिला ते आवडलं नाही. शास्त्रात 'मी' कुठे येतो, असा तिचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं.

आता मोजणीकडे येतो, कारण पहिली फजिती तिथेच झाली.

विरघळलेला प्राणवायू आम्ही विंकलर पद्धतीने काढतो. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून झाकण लावायचं, उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. मग आम्ल घालून साका विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन. स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला गेला तो थेंब मोजायचा. काम किचकट नाही, पण बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसणारी, खड्डा आला की पिशवी उचलून धरणारी आमची पोरं कंडक्टर ओळखतात.

तिचे पहिले तीन आकडे छान आले. इतके छान, की तलावाला काही झालंच नाही असं वाटावं. मी वेळ विचारली. तिन्ही बाटल्या सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान भरलेल्या. ती होस्टेलवर राहायची, पहिली बस धरून जायची, आणि ती बस गावात दहाला पोचते. पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात प्राणवायू दिवसभर एकसारखा नसतो. दिवसा वनस्पती तो सोडतात, रात्री सगळेच जीव तो खातात; पहाटे उजाडायच्या आत तो सर्वांत कमी असतो, दुपारी सर्वांत जास्त. मासा दहा वाजता मरत नाही, मेला तर पहाटे मरतो. कपाटातले जुने प्रबंध मी त्या संध्याकाळी चाळले. ज्यांत वेळ दिली होती त्यांत ती बहुतेक दहा-अकराचीच. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या तलावांचा प्राणवायू आम्ही वर्षानुवर्षं एसटीच्या वेळापत्रकाने मोजत आलो. हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. त्यातल्या काही प्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून माझीच सही आहे.

ती मग घरी जाऊन राहिली. पहाटे पाचला वडिलांची बॅटरी घेऊन पारेवर, पुन्हा दुपारी दोनला. पहाटेच्या आणि दुपारच्या आकड्यांतली तफावत बघून ती इतकी हरखली की रात्री मला फोन केला.

दुसरी अडचण बसपेक्षा मोठी होती. सत्राचं वर्ष आणि तलावाचं वर्ष जुळत नाही. चौथं सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिल-मेपर्यंत प्रबंध हातात हवा असतो. तलाव जुलै-ऑगस्टमध्ये भरतो. तुडुमाचं बूच ऑक्टोबरच्या आसपास निघतं, धानाला शेवटचं पाणी लागतं तेव्हा. गावरान मासे अंडी घालतात ते पहिल्या पावसांत, काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला. मृगापासून पुढचे जे दोन महिने तलावाला कळतात, ते आमच्या विद्यापीठीय कॅलेंडरात सुट्टी, निकाल आणि प्रवेश यांत जातात. या मुलीने दुसऱ्या सत्राची परीक्षा संपताच, विषय अधिकृतपणे मंजूर होण्याआधीच, जूनमध्ये काम सुरू केलं. स्वतःच्या पैशाने. सगळ्यांना हे जमणार नाही, आणि जमायला पाहिजे असंही मी म्हणत नाही.

पण जूनमध्ये तिथे होती म्हणून तिला मावशीचं खरं म्हणणं कळलं. एके दिवशी मावशीने तलावातून उपटून आणलेल्या वनस्पती गोणपाटावर मांडल्या. हिच्याकडे वर्गीकरणाची गुरुकिल्ली होती, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशी नावं पक्की होती. मावशीने बोट ठेवत सांगितलं: हा चिला, हे चिऊल. यात अमकी मासोळी अंडी देते, त्याच्या मुळाशी तमकी लपते, ही वाढली की पानी गोड, ती वाढली की समज पानी सडलं. देवधानाची एक वाळकी काडी तिने बाजूला काढून ठेवली. नांगर न लागलेलं धान्य म्हणून ते उपवासाला चालतं. हिने लहानपणी खाल्लंही होतं, पण ते याच तलावातून यायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मग मावशी म्हणाली, "बाई, पयले काठ कसा होता, भाताच्या ताटासारखा. आता इहिरीसारका झाला. मासोरी अंडी घालन कुठी?"

ताट आणि विहीर. खोदकामाने तलाव खोल झाला होता खरा, पण काठाचा सावकाश उतरत जाणारा उथळ पट्टा उभा कापला गेला होता. तिने दोरी, वजन आणि बांबू घेऊन पारेपासून आत ओळींनी खोली मोजली आणि आलेखावर काढली. तो आलेख बघून मला तक्त्यांपेक्षा जास्त समजलं. पाण्याची 'गुणवत्ता' वाईट नव्हतीच. बिघडला होता तो तलावाचा आकार, आणि आकार मोजायचं आमच्या परिमाणांच्या यादीत नव्हतं.

गाळ काढण्याआधीचे आकडे नव्हते, ही सरळ पंचाईत. तिने शेजारच्या गावातला, गाळ न काढलेला एक मामा तलाव तुलनेला घेतला. दोन तलाव कधीच सारखे नसतात. एका जोडीवरून कारण सिद्ध होत नाही. हे तिने लिहिलं, आणि मला वाटतं प्रबंधातला तो सर्वांत चांगला परिच्छेद होता.

इथपर्यंत शास्त्र. धोरणाच्या प्रकरणात ती अशी आपटली की मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

पहिल्या मसुद्यात तिने मेंढा-लेखाचं उदाहरण घेतलं होतं. गडचिरोलीतल्या त्या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तसाच तलावावरचा हक्क ढिवरांना द्यावा, अशी शिफारस. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ)मध्ये पाणसाठ्यातल्या मासळीचा उल्लेख आहे हेही तिने शोधलं होतं. पण तो कायदा वनजमिनीपुरता. हिचा तलाव महसुली जमिनीवरचा. शिवाय ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मग तिने पेसा लावून पाहिला. १९९६चा तो कायदा लहान पाणसाठ्यांचं व्यवस्थापन पंचायतीकडे देतो, पण अनुसूचित, म्हणजे घोषित आदिवासी क्षेत्रात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचा बराच भाग त्यात येतो, गोंदिया येत नाही. हाकेच्या अंतरावर जिल्ह्याची हद्द, आणि हद्द ओलांडली की कायदा बदलतो. मासोळी मात्र तीच.

शेवटी तिने २०१७चे पाणथळ जमिनींचे नियम धरले आणि बिनधास्त लिहिलं की तलाव ही पाणथळ जागा असल्याने त्याला या नियमांचं संरक्षण आहे. माझ्या नजरेतून ते सुटलं. परीक्षेत ते पकडलं जाणार होतं.

दरम्यान तलावाचा धनी कोण, हे शोधायला मी तिला जुन्या नोंदींकडे पाठवलं होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातल्या दहाव्या प्रकरणाचा एक भाग फक्त विदर्भाला लागू आहे, हे विदर्भातल्याही फार जणांना माहीत नसतं. त्यात कलम १६१ प्रमाणे निस्तारपत्रक आहे: गुरं चारणं, सरपण, मुरूम, वाळू, चिकणमाती वगैरे गावाने कशी वापरायची याची नोंद. कलम १६५ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज आहे: सिंचनाचा हक्क, वाट-वहिवाट, मासेमारी यांबद्दलच्या गावच्या रूढी. मात्र ते सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनी-पाण्यापुरतं. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, तशी मासेमारीच्या रूढीची ती जागाही आकसली.

अभिलेख कक्षात तिला चार चकरा माराव्या लागल्या. साहेब मीटिंगला, किल्ली दुसऱ्याकडे, रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, हे सगळं क्रमाने झालं. चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्या शिपायाने स्वतःहून शिडी लावून बस्ता काढून दिला. तिच्या गावच्या जुन्या नोंदीत तलावापुढे गुरांचं पाणी, आंघोळ, कुंभाराची माती, मासोळी आणि सर्वांत शेवटी धानाला पाणी, असा क्रम होता. शाई फिकी, अक्षर मोडीच्या वळणाचं देवनागरी. फोटो काढायला परवानगी मिळाली नाही; तिने वहीत उतरवून घेतलं आणि नकलेसाठी अर्ज टाकला.

आजची वाटणी तिने एका पानावर मांडली, ती अशी. पाणी सिंचनाचं म्हणून जिल्हा परिषदेच्या कागदावर. मासे ठेक्याने मच्छीमार संस्थेचे; संस्था कतला, रोहू, मिरगलची बोटुकली, म्हणजे पिल्लं, सोडते, त्यामुळे ती खाणारी मरळ संस्थेच्या हिशेबी चोर. ओसरत्या पाण्यामागे उघडी पडणारी जमीन गाळपेरीला. गाळ योजनेचा, आणि वाहून नेईल त्या शेतकऱ्याचा. चिला, चिऊल, देवधान कोणाच्याच रकान्यात नाही. खोदकाम किती खोल आणि कुठे, हा निर्णय ज्या सभेत झाला तिथे ढिवर मोहल्ल्यातली एकही बाई नव्हती; सकाळची वेळ होती आणि त्या मासे घेऊन बाजाराला गेल्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक अभ्यासू होते. त्यांनी पाणथळीच्या नियमांचं पान उघडूनच ठेवलं होतं. "बाळ, व्याख्या वाच," ते म्हणाले. तिने वाचली. नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले साठे, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक, सिंचन यांसाठी खास उभारलेल्या रचना या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे तुझा तलाव पाणथळ नाही. मग तुझी शिफारस कशावर उभी आहे?

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी टेबलाकडे बघत बसलो, कारण चूक माझीही होती.

तिने बॅगेतून वही काढली. म्हणाली, "सर, यात 'खास सिंचनासाठी' लिहिलंय. आमचा तलाव खास सिंचनासाठी बांधला असं कोणत्या कागदात आहे? माझ्याकडच्या नोंदीत सिंचन शेवटी आहे." आणि क्रम वाचून दाखवला.

परीक्षकांनी वही मागून घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाले, हे प्रबंधात का नाही? ते नव्हतं, कारण प्रमाणित नक्कल हातात आली नव्हती आणि मीच तिला म्हटलं होतं, कागदाशिवाय लिहू नकोस.

तिचा हा युक्तिवाद कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. तलाव आज सिंचनाच्या यादीत आहे आणि अधिकारी तेवढंच पाहील. पण धोरण म्हणजे शेवटच्या पानावरच्या शिफारसी नव्हेत, एका क्रियाविशेषणावर कोणाचं पोट अवलंबून असतं, हे तिला 'खास' या एका शब्दात दिसलं. ते मी दोन वर्षांत तिला शिकवलेलं नव्हतं. गुण मध्यम पडले. शिफारशीचं प्रकरण दुरुस्त करून द्यायला पंधरा दिवस मिळाले.

दुरुस्तीत तिने जनजागृती काढून टाकली. तिच्या जागी तीन गोष्टी आल्या: काठाचा उथळ पट्टा खोदकामातून वगळावा, खोदकाम चिकणमातीचा थर फोडून मुरमापर्यंत नेऊ नये, आणि ठराव घेण्याआधी मोहल्ल्यात संध्याकाळी एक बैठक व्हावी. पैकी शेवटची गोष्ट गावाने खरंच केली. संध्याकाळी सात वाजता, पारेवर. भांडण झालं, पण समोरासमोर झालं. ठरावात 'काठ सोडून मधातला गाळ काढावा' असं वाक्य आलं. पुढच्या उन्हाळ्यात मशीन आलं आणि पुन्हा काठालाच लागलं.

ती चिडून माझ्याकडे आली. ठराव डावलला, असं तिचं म्हणणं. मला वाटलं नेहमीचंच, ठेकेदार कुणाचं ऐकतो. दुरुस्त प्रबंधाच्या प्रती न्यायला ती वडिलांना घेऊन आली होती. ते आतापर्यंत खुर्चीच्या टोकावर गप्प बसून होते. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"सर, बाई मनते मधातला काढा. मे महिन्यात बी मधात पानी रायते ना. चिखल रायते. मशीन काठावर उभी रायते, तिचा हात पोचते तेवढंच उकरते. अन् टॅक्टर मधात नेला का फसला. मागं माहाच फसला होता, दोन बैलजोड्या लावून काढला. मनून सारे काठाचंच नेतात."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, मग हे तुम्ही मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तू बाटल्या भरत होती," ते म्हणाले. "तू इचारलंच नाही."

प्रती तेव्हा बांधून झाल्या होत्या, निळ्या कापडात, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं.